दू फूची पर्णकुटी

प्रवासाला मनुष्य कशासाठीं निघाला होता, हें कित्येकदां त्याला प्रवास संपत आल्यावरच उमगतें. गेल्या आश्विनांत आम्ही उभयतां चीन देशाच्या सेचवान प्रांतांत आठ दिवस राहून आलों. आपल्याकडे खाण्याच्या गाड्यांवर ज्या झणझणीत तांबड्या चटणीस ‘शेजवान’ म्हणतात, तिला नांव देणारा तोच हा प्रांत. ती चटणी तेथें आम्हांस कोठें दिसली नाहीं, हा भाग निराळा. निमित्त विचाराल तर सेवानिवृत्तीनंतरची हौस, आणि चिनी कवितेचीं इंग्रजी भाषांतरें वाचण्याचा पुष्कळ वर्षांचा नाद. पण घरून निघतांना मनाला एक टोचणी लागलेली होती, आणि ती बरोबर घेऊनच आम्ही विमानांत बसलों होतों.

हकीकत अशी. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा चार वर्षें सरकारी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत होता. तिसऱ्या खेपेसही यादींत त्याचें नांव आलें नाहीं. घरांत कोणी रागावलें नाहीं, कोणी रडलें नाहीं. पण पानावर बसलें म्हणजे सर्वांची दृष्टि ताटांत, आणि शेजाऱ्यांनीं विचारूं नये म्हणून मुलानें गच्चीवर जाणेंही सोडलें. अशा वेळीं घरांतील वडील माणसानें धीराचे चार शब्द लिहावे, या समजुतीनें आम्हीं त्याला एक लांबलचक पत्र लिहिलें, आणि त्यांत चीनमधील एक प्रसिद्ध गोष्ट घातली.

थोर कवि ली बाय लहान असतांना अभ्यासाला कंटाळून पळाला. वाटेंत एका ओढ्याकांठीं एक म्हातारी लोखंडाची जाड कांब दगडावर घासीत बसलेली त्याला दिसली. ‘हें काय चाललें आहे?’ असें विचारतां ती म्हणाली, ‘सुई करीत आहें.’ मुलगा खजील झाला, परत फिरला आणि त्यानें अभ्यास पुरा केला. चिनी मुलांस ही गोष्ट बाळकडूबरोबर मिळते. लोखंड घासून सुई करणें ही त्या भाषेंत म्हणच होऊन बसली आहे. पत्राच्या शेवटीं आम्हीं ‘तूंही घासणें सोडूं नकोस’ असें लिहिलें, आणि एक चांगलें काम केल्याच्या समाधानांत निजलों.

उत्तर दुसऱ्या दिवशीं फोनवर एका ओळीचें आलें: ‘काका, त्या आजींना शेवटीं सुई मिळाली का?’

प्रथम आम्हांस हसूं आलें. मग थोडा राग आला. मग आम्हीं पुस्तक काढून पाहिलें. ही गोष्ट तेराव्या शतकांतील एका भूगोलग्रंथांत नोंदलेली आहे, म्हणजे ली बाय (इ. स. ७०१ ते ७६२) वारल्यानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं. तींत मुलगा परत गेला हें आहे, अभ्यास पुरा झाला हेंही आहे. सुईचें पुढें काय झालें याविषयीं मात्र अक्षर नाहीं. आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक असून पत्र लिहितांना सोईस्करपणें आठवली नव्हती. ज्या ली बायनें अभ्यास पुरा केला, त्यानें त्या काळची राजपरीक्षा जन्मांत एकदांही दिली नाहीं.

चिकाटीच्या वचनांची चिनी वाङ्मयांत वाण नाहीं. पाण्याच्या थेंबानें दगडास भोंक पडतें, दोरीनें घासून घासून लांकूड कापतां येतें, अशा म्हणी तेथें घरोघर आहेत. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत श्युन्त्झ या तत्त्ववेत्त्यानें अध्ययनावरील आपल्या प्रकरणांत, छिन्नी मध्येंच खालीं न ठेवणाऱ्यापुढें दगड आणि धातू दोन्ही नमतात, असा विचार मांडला आहे. आपणही ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ म्हणतों. वाळू रगडून तेल काढण्याचा वामनपंडितांचा श्लोक तर चिकाटीचें प्रमाणपत्र म्हणून आपण मुलांस पाठ करवितों. पण तो मुळांत भर्तृहरीचा आहे, आणि तेथें सांगावयाचें निराळेंच आहे: एक वेळ वाळूंतून तेल निघेल, परंतु मूर्खाची समजूत पटणार नाहीं! कवितेंतून सोईचा तुकडा कापून घेतला म्हणजे म्हण तयार होते. उरलेली कविता कोणाला आठवत नाहीं. पुतण्याच्या एका ओळीनें आम्हांस वाटूं लागलें कीं, उरलेली कविता पाहून यावी.

सेचवानची राजधानी चेंगदू. मराठी वाचकांस एका कारणानें हें शहर अगदींच परकें नाहीं. सातव्या शतकांत महाराष्ट्रांत येऊन पुलकेशीच्या राज्याचें व येथील लोकांच्या मानी स्वभावाचें वर्णन लिहून ठेवणारा यात्रेकरू ह्युएनत्संग यानें आपली पूर्ण भिक्षुदीक्षा इ. स. ६२२ मध्यें याच शहरीं घेतली. आम्ही पोंचलों तेव्हां आकाश भरलेलें होतें आणि रस्त्यारस्त्यांतून कसल्याशा बारीक पिवळ्या फुलांचा गोड वास येत होता. सूर्याचें दर्शन आठ दिवसांत दोनदां झालें. येथील हवाच तशी, असें आमच्या दुभाषी मुलीनें सांगितलें. ती पंचविशीची, मोठी चुणचुणीत होती, आणि आम्हांस त्यांच्या रीतीप्रमाणें ‘काका’ व ‘मावशी’ म्हणे. सुईच्या गोष्टीचें नांव काढतांच ती खो खो हसली. ‘बाबांनीं ती मला इतक्या वेळां सांगितली आहे,’ ती म्हणाली, ‘कीं सुई म्हटलें कीं मला झोप येते.’ आमच्या सौ. आमच्याकडे पाहून कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांचें न बोलणें आम्हांस नीट ऐकूं आलें.

पहिला दिवस आम्हीं दूज्यांगयेनसाठीं ठेवला होता. चेंगदूच्या वायव्येस साठेक किलोमीटरवर, मिन नदी डोंगरांतून मैदानांत उतरते तेथें हें स्थळ आहे. इ. स. पूर्वीं २५६ च्या सुमारास ली बिंग नांवाच्या सुभेदारानें येथें नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून तिचे दोन प्रवाह केले. एक मूळ पात्रांतून वाहतो. दुसरा, डोंगर फोडून केलेल्या चिंचोळ्या वाटेनें, शेतांकडे वळतो. सुरुंगाची दारू तेव्हां नव्हती. खडक जाळ करून तापवावयाचा, त्यावर थंड पाणी ओतावयाचें आणि तडकलेला तुकडा काढावयाचा, अशा रीतीनें ती वाट झाली असें सांगतात. धरण नाहीं, भिंत नाहीं. तरी बावीसशें वर्षांहून अधिक काळ या पाण्यावर चेंगदूचें मैदान पिकत आलें आहे.

आम्हांस वाटलें, सुईची गोष्ट येथें पुरी झाली. डोंगर फुटला, काम झालें. पण तेथील देवळाच्या भिंतीवर कोरलेलें जें सहा अक्षरांचें वचन दुभाषी मुलीनें वाचून दाखविलें, तें डोंगराविषयीं नव्हतेंच. त्याचा भावार्थ एवढाच कीं, तळ खोल उपसा आणि बांध ठेंगणा ठेवा. नदी दरवर्षीं गाळ आणते. हिंवाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे लांकडी तिवयांचे आडोसे घालून प्रवाह अडवावयाचा, गाळ उपसावयाचा, आणि वसंतांत पाणी पुन्हां सोडावयाचें, हें काम शतकानुशतकें चाललें. आतां यंत्रें व लोखंडी दरवाजे आले आहेत. तरी गाळ यावयाचा राहिलेला नाहीं. किती खोल उपसावयाचें याची खूण म्हणून नदीच्या तळाशीं लोखंडी कांबी आडव्या पुरून ठेवल्या आहेत. कांब दिसली कीं थांबावयाचें. त्यांतील जुन्या कांबी मिंग व चिंग राजवटींच्या काळच्या आहेत.

कांठावर उभें राहून आम्ही त्या न दिसणाऱ्या कांबींचा विचार करीत राहिलों. हेंही लोखंडच, पण याची सुई कोणाला करावयाची नव्हती. येथली चिकाटी कांहीं एकदां संपवून टाकण्याची नव्हती. पुन्हां पुन्हां परत येण्याची होती, आणि कोठें थांबावें याची खूणही तिनें आपल्याबरोबरच पुरून ठेवली होती.

मिन नदीचें हेंच वळविलेलें पाणी पुढें चेंगदू शहरांतून वाहतें. त्यांतल्या एका ओढ्याचें नांव ह्वानह्वा, म्हणजे फुलें धुण्याचा ओढा. शहराच्या पश्चिमेस या ओढ्याच्या कांठीं कवि दू फू याची पर्णकुटी आहे. दुसऱ्या दिवशीं आम्ही तेथें गेलों.

दू फूचा जन्म इ. स. ७१२ चा. आजा नामांकित कवि, घराणें अधिकाऱ्यांचें. मुलानें राजपरीक्षा द्यावी आणि दरबारीं पद मिळवावें, याखेरीज दुसरा विचार त्या घरांत होणें शक्य नव्हतें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असें घर ओळखीचें वाटेल. पहिली परीक्षा त्यानें ७३५ मध्यें दिली, नापास झाला. दुसरी ७४७ मध्यें, राजधानी छांगआन येथें. त्या वर्षीं प्रधान ली लिनफू यानें सर्वच उमेदवार नापास केले, आणि राज्यांतील कोणीही गुणी मनुष्य आतां दरबाराबाहेर उरलेला नाहीं असें बादशहास कळवून टाकलें! पुढें आठ वर्षें दू फू राजधानींत उंबरठे झिजवीत राहिला. ७५५ मध्यें शस्त्रागाराकडील एक क्षुल्लक जागा मिळाली. ती वार्ता घेऊन तो कुटुंबाला भेटावयास गेला, तों दारांतच रडणें ऐकूं आलें: त्याचें तान्हें मूल उपासमारीनें गेलें होतें. त्याच हिंवाळ्यांत आन लुशानचें बंड उसळलें आणि सारा देश उद्ध्वस्त झाला. दू फू शत्रूच्या हातीं सांपडला, निसटला, थोडे दिवस दरबारीं राहिला, स्पष्ट बोलला म्हणून दूर फेंकला गेला. आणि अखेर नोकरी सोडून, बायकामुलांसह डोंगर ओलांडून, ७५९ च्या अखेरीस चेंगदूस आला.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतांत मित्रांच्या मदतीनें त्यानें ही झोंपडी बांधली. तेव्हांच्या त्याच्या कवितांत मागण्यांच्या चिठ्ठ्या आहेत: एकाकडे पीचचीं रोपें, दुसऱ्याकडे बांबू, तिसऱ्याकडे पाइनचीं झाडें, आणि एकाकडे तर जेवणाचे वाडगे. अठ्ठेचाळीस वर्षांचा मनुष्य, हातीं पद नाहीं, पैसा नाहीं; आणि तो झाडें मागतो आहे, ज्यांची सावली यावयास दहा वर्षें लागतील! आमच्या सौ. हें ऐकून म्हणाल्या, ‘परीक्षेपेक्षां याला हिंमत जास्त लागते.’

आतां तेथें मोठें उद्यान आहे. तांबड्या भिंतींमधून जाणारी वळणाची वाट, दोहोंकडून वांकलेले उंच बांबू, एका छोट्या मंडपांत इ. स. १७३४ मधील चिंग राजपुत्राच्या हस्ताक्षराचा शिलालेख, आणि पुढें झाडींत गवतानें शाकारलेली, मातीच्या भिंतींची कुटी: एक अभ्यासाची खोली, एक निजण्याची, आणि स्वैंपाकघर. चूल, वाडगे, जातें. ही बांधणी १९९७ ची आहे. शाळकरी मुलांची एक मोठी रांग दारांतून आंत शिरत होती. त्यांच्या बाई कांहीं म्हणत आणि मुलें एका सुरांत पुढचें म्हणत. दुभाषी मुलगीही नकळत ओठ हलवूं लागली. ती वादळाची कविता होती.

तिची हकीकत अशी. ७६१ च्या शरदांत एका वादळानें या झोंपडीचें छप्पर उडवून नेलें. गवत ओढ्यापलीकडे जाऊन पडलें, झाडांना अडकलें. गांवचीं पोरें म्हाताऱ्याला न जुमानतां तें उचलून पळालीं. रात्रीं पाऊस लागला. अंथरुणावर धार, पांघरूण जुनें आणि थंडगार, मुलांनीं लाथा मारून फाटलेलें. त्या रात्रीं जागत बसलेला हा कवि आपल्या छपराकरितां रडत नाहीं. त्याला एक भलें थोरलें, हजारों दालनांचें घर हवेंसें वाटतें, ज्यांत जगांतले सगळे गरीब विद्यावंत वादळांत निर्धास्त हसत राहतील. तसें घर उभें राहिलेलें पाहतां आलें तर आपली झोंपडी मोडो आणि आपण थंडीनें मरो, त्याला त्याचें कांहीं नाहीं.

या कवितेंत चिकाटी हा शब्द नाहीं. कांब घासून सुई होईल असें आश्वासनही नाहीं. घर मिळालें नाहींच. ७६५ मध्यें आश्रयदाता मित्र वारल्यानंतर त्यानें चेंगदूही सोडलें. फुप्फुसाचा विकार, मधुमेह, एक कान बहिरा, अशा स्थितींत यांग्त्सीच्या कांठच्या क्वेचौ गांवीं दोन वर्षांच्या आंत त्यानें चारशेंहून अधिक कविता लिहिल्या, आणि ७७० मध्यें हूनान प्रांतांत नावेंतल्या प्रवासांत तो गेला. त्याच्या हयातींत, इ. स. ७५३ मध्यें संपादिलेल्या एका प्रसिद्ध काव्यसंग्रहांत त्याची एकही कविता घेतलेली नाहीं. आज त्याच्या चौदाशेंहून अधिक कविता उरल्या आहेत आणि चिनी लोक त्यास कविश्रेष्ठ मानतात. पण हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. तें ठाऊक नसतांना तो लिहीत राहिला.

मग त्याचें काय झालें? येथें ‘मूर्ख म्हाताऱ्या’ची दुसरी प्रसिद्ध चिनी गोष्ट आठवते. ल्येत्झ या प्राचीन ग्रंथांतला हा नव्वदीचा म्हातारा, दारापुढचे दोन डोंगर टोपल्यांनीं वाहून नेऊं लागतो. शेजारचा शहाणा हंसतो, तेव्हां हा उत्तर देतो कीं, मी मेलों तरी मुलें आहेत, मुलांना मुलें होतील, आणि डोंगर कांहीं वाढत नाहीं. दू फूचें प्रेत परमुलुखींच राहिलें होतें. मुलगा त्सुंगवू आजारी आणि दरिद्री. त्याच्याच्यानें पित्याच्या अस्थि गांवीं नेववल्या नाहींत. मरतांना त्यानें तें काम आपल्या मुलावर सोंपविलें. त्या नातवाजवळही कांहीं नव्हतें. त्यानें दारोदार मागून पैसा जमविला, आणि ८१३ मध्यें, म्हणजे आजा वारल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनीं, त्याच्या अस्थि हनान प्रांतांत पूर्वजांच्या शेजारीं नेऊन पुरल्या. वाटेंत त्यानें य्वान चन या मोठ्या कवीला गांठून मृत्युलेख लिहवून घेतला. दू फूसारखा कवि आजवर झाला नाहीं, अशा आशयाची साक्ष जगाला प्रथम एवढ्या ठासून मिळाली ती त्या लेखांत.

आणि झोंपडी? कवि गेल्यावर ती मोडली. इ. स. ९०२ मध्यें वै च्वांग या दुसऱ्या एका कवीनें शोधून तिचा पाया काढला आणि त्यावर पुन्हां गवताचें घर उभारलें. सुंग काळांत पुन्हां उभारलें. १५०० मध्यें पुन्हां, १८११ मध्यें पुन्हां. जें छप्पर एका रात्रींत उडालें, तें अकराशें वर्षें लोक शाकारीत आले आहेत.

आमच्या बालपणीं कोंकणांतल्या घरीं मृगाच्या आधीं घर शाकारण्याची धांदल असे. आजोबा स्वतः शिडी धरून उभे राहत. ‘यंदा पुन्हां?’ असें एकदां आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, ‘पाऊस दरवर्षीं येतो, बाळा.’ त्या कुटीपुढच्या बांकावर बसून तें वाक्य पन्नासएक वर्षांनीं आम्हांस समजलें. आम्हीं पुतण्याला सुईची चिकाटी सांगितली होती, जिची किंमत सुई हातीं आल्यावरच ठरते. त्याला ज्या चिकाटीची गरज होती ती शाकारणीची: छप्पर उडालें तर उडालें, उद्यां सकाळीं उठून कांहीं लावावें, कांहीं लिहावें, पोरांना कांहीं शिकवावें. आणि नदीतळच्या त्या कांबींसारखी, कोठवर खणावें याची खूण ज्याची त्यालाच ठाऊक असावी. दू फूनें दोन परीक्षांनंतर तो दरवाजा सोडला कीं दरवाजानें त्याला सोडलें, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण कविता त्यानें सोडली नाहीं. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें आम्हीं पत्रांत लिहावयास हवें होतें.

तेथल्याच चहाच्या दुकानांत, झाकणाच्या पेल्यांतला चहा निवत असतां, आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. तें पहिल्यापेक्षां पुष्कळच लहान झालें. ‘त्या आजींना सुई मिळाली कीं नाहीं हें ग्रंथांत नाहीं. तूं विचारलेंस तें बरोबर होतें. आम्हीं तुला न विचारतां उपदेश केला, तो मागें घेतों. सोबत एका नापास झालेल्या माणसाची हकीकत पाठवितों. तीवरून कांहीं शिकलेंच पाहिजे असें नाहीं.’ सौ.नीं खालीं एक ओळ घातली: ‘गच्चीवरची तुळस सुकत असेल, तेवढी पाहा.’

परत आल्यावर दिवाळीच्या फराळास तो घरीं आला. थोडा वाळला होता. चकली मोडतां मोडतां म्हणाला, ‘काका, पुढची परीक्षा द्यायची कीं नाहीं तें मीं अजून ठरवलेलें नाहीं. ठरवीन. तोंपर्यंत निकालाच्या चौकशीसाठीं फोन करूं नका.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘सहज मात्र करा.’

तुळस, काकूंनीं पाहून सांगितलें, हिरवीगार होती.